मातीतील साक्षीदार

रहस्यकथेचे नाव काढताच पुष्कळ घरांतून वडीलधाऱ्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून वाचावयाचे पुस्तक, अशीच तिची ख्याती. ही आठी सर्वस्वी निष्कारण असते असे मी म्हणणार नाही. कारण घटकाभर छाती धडधडावी एवढ्याचसाठी लिहिलेल्या आणि वाचून होताच विसरल्या जाणाऱ्या कथांची बाजारात वानवा नाही. परंतु सर्व रहस्यकथांना एकाच दावणीला बांधणे हा अन्याय होईल. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी मराठी वाचकांच्या एका संबंध पिढीला वाचनाची गोडी लावली, ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही. ज्याला पुढचे पान उलटावेसे वाटते तो वाचक होतो. आणि एकदा वाचक झालेला मनुष्य आज ना उद्या इतिहासाकडे, काव्याकडे, शास्त्राकडे वळल्यावाचून राहत नाही.

विद्यार्थी मित्रहो, या लेखात रहस्यकथेच्या एका निराळ्या शाखेचा परिचय तुम्हांस करून द्यावा असा विचार आहे. या शाखेतील गुन्हेशोधक पोलिसांतला अधिकारी नसतो, की पैसे घेऊन चौकशी करणारा खाजगी हेरही नसतो. तो असतो पुराणवस्तुसंशोधक, म्हणजे जमीन उकरून प्राचीन काळच्या अवशेषांचा अभ्यास करणारा विद्वान. अशा नायकांच्या कथामाला वर्षानुवर्षे चालू राहिल्या आणि वाचकांनी त्या आवडीने वाचल्या. त्यांत गोडी कशाची, आणि त्या गोडीचा आपल्या या कन्हानकाठच्या मातीशी काही संबंध पोचतो काय, हे दोन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

आपल्याच देशातले उदाहरण प्रथम घेऊ. बंगाली साहित्यिक सुनील गंगोपाध्याय (1934–2012) यांनी किशोरवयीन वाचकांसाठी 'काकाबाबू' नावाचा नायक निर्माण केला. त्याचे खरे नाव राजा रायचौधुरी. हा गृहस्थ भारतीय पुरातत्त्व खात्यातला निवृत्त अधिकारी. अफगाणिस्तानात झालेल्या अपघातात त्याचा एक पाय निकामी झाला, तेव्हापासून तो कुबड्यांच्या आधाराने चालतो. तरीही कुठे काश्मीर, कुठे अंदमान, कुठे इजिप्त, असा त्याचा संचार चालू असतो. सोबतीला असतो पुतण्या संतू, जवळजवळ तुमच्याच वयाचा. लेखक हयात असेपर्यंत ही माला चालू राहिली आणि तिच्यात तीसहून अधिक कादंबऱ्या झाल्या. काश्मीरमध्ये घडणाऱ्या एका कथेत काकाबाबू शोध घेतो तो सोन्यानाण्याचा नव्हे, तर कनिष्क राजाच्या पुतळ्याच्या मस्तकाचा. मथुरेच्या संग्रहालयातील कनिष्काचा पुतळा बिनमस्तकाचा आहे हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकातील चित्रात पाहिले असेल. त्या चित्राकडे पाहून, "हे मस्तक गेले कुठे?" असा प्रश्न ज्याच्या मनात आला, त्याच्या हाती कथेचे बीज आपोआप आले! धडधाकट माणसाला जे साधत नाही ते हा अपंग मनुष्य केवळ अभ्यासाच्या आणि धैर्याच्या बळावर साधतो, हे पाहून मुलांना त्याच्याविषयी आदर वाटतो.

दुसरी प्रसिद्ध माला इंग्रजीतील आहे. 'एलिझाबेथ पीटर्स' या टोपणनावाने लिहिणाऱ्या बार्बरा मेर्ट्झ (1927–2013) या अमेरिकन बाईंनी शिकागो विद्यापीठात प्राचीन इजिप्तच्या विद्येत 1952 साली डॉक्टरेट मिळविली होती. 1975 साली त्यांनी अमेलिया पीबॉडी ही नायिका वाचकांपुढे आणली. अमेलिया ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज स्त्री. 1884 च्या सुमारास ती इजिप्तला जाते, तेथे एमर्सन नावाच्या तापट पण प्रामाणिक उत्खनकाशी तिची गाठ पडते, पुढे लग्न होते, मुलगा होतो. आणि मग दर हंगामात या कुटुंबाचे उत्खनन आणि त्यात उपटणारे एखादे प्रेत, अशी परंपराच सुरू होते. हातातली छत्री ती उन्हापेक्षा चोरांविरुद्धच अधिक वापरते. माला पुढे सरकते तशी वर्षेही सरकतात, मुलगा रामसेस मोठा होतो, महायुद्ध येते, आणि 1922 साली तूतनखामेनच्या थडग्याचा शोध लागतो तेथवर कथानक पोचते. एकूण वीस कादंबऱ्या झाल्या. शेवटची कादंबरी लेखिकेच्या निधनानंतर तिच्या एका लेखिका-मैत्रिणीने पुरी केली व ती 2017 साली प्रसिद्ध झाली. म्हणजे या मालेने बेचाळीस वर्षांचा प्रवास केला. शाळेत असताना पहिले पुस्तक वाचणारी मुलगी शेवटचे पुस्तक हाती घेताना कदाचित आजी झाली असेल!

दीर्घकाळ चालणाऱ्या मालेचा हाच मोठा आनंद आहे. एकटीदुकटी कथा ही प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसासारखी. स्थानक आले की संबंध संपला. मालेतला नायक मात्र शेजाऱ्यासारखा असतो. त्याच्या खोडी आपल्याला पाठ होतात, तो केव्हा चिडेल आणि केव्हा हसेल हे आधीच कळते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याची विचार करण्याची रीत हळूहळू आपल्या अंगवळणी पडते. पहिल्या पुस्तकात आपण त्याच्या मागून चालतो, पाचव्या-सहाव्या पुस्तकात बरोबरीने चालू लागतो, आणि पुढे एखादे वेळी त्याच्या आधीच ओरडतो, "अरे, तो मडक्याचा तुकडा पाहा!"

आता पुराणवस्तुसंशोधकच चांगला गुन्हेशोधक का ठरावा, याचा विचार करू. दोघांच्याही कामाचे मूळ एकच. घटना घडून गेलेली असते. ती पुन्हा डोळ्यांनी पाहता येत नाही. मागे उरतात त्या केवळ खुणा, आणि त्या खुणांवरून काय घडले ते सिद्ध करावयाचे असते. आगाथा ख्रिस्ती या सुविख्यात रहस्यकथा-लेखिकेने 1930 साली मॅक्स मॅलोवन या उत्खनकाशी विवाह केला आणि पुढे त्यांच्याबरोबर इराक-सीरियातील उत्खननाच्या छावण्यांत अनेक हंगाम काढले. तेथील अनुभवावर त्यांनी 1936 साली एक कादंबरी लिहिली. तिच्यातला खून उत्खनन-मंडळींच्या निवासातच होतो. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या नाईल नदीवरील कादंबरीत त्यांचा गुप्तहेर प्वारो आपल्या पद्धतीला उत्खननाची उपमा देतो. मातीतून एखादी वस्तू वर आली की तिच्याभोवतीची सुटी माती अलगद दूर करावयाची, म्हणजे वस्तू आपल्या खऱ्या आकारात उभी राहते. गुन्ह्याचा तपासही तसाच करावयाचा, असे त्याचे म्हणणे.

परंतु या साम्याचे खरे मर्म 'जागा' या एका शब्दात आहे. खून झालेल्या खोलीतील कोणत्याही वस्तूला हात लावू नये, हा गुन्हेशोधनाचा पहिला नियम तुम्हांस ठाऊक आहे. सुरी टेबलाखाली सापडली की अंगणात, यावर सारा निकाल अवलंबून असतो. तीच सुरी कोणी उचलून, स्वच्छ पुसून, नीट कपाटात ठेवली, तर ती सुरी राहते. साक्षीदार राहत नाही. उत्खननाचेही अगदी तसेच आहे. आपल्या घरामागचा उकिरडा डोळ्यांपुढे आणा. तळाशी गेल्या वर्षीचा कचरा, त्यावर पावसाळ्यातला, सर्वांत वर आजचा. कोणी न सांगताही, वरचे ते नंतरचे आणि खालचे ते आधीचे, हे कळते. जुन्या गावाच्या जागी शतकानुशतके असेच थर साचत जातात. राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती यांनी त्या जागेची माती पांढुरकी होते. आपले शेतकरी पिकाच्या जमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जमिनीला 'पांढरी' म्हणतात, ते उगाच नव्हे. जुन्या वसाहती शोधणाऱ्या अभ्यासकांनाही नदीकाठचे 'पांढरीचे टेकाड' ही मोठी खूण वाटते. अशा टेकाडात एखादे खापर कितव्या थरात आणि कशाच्या शेजारी पडले होते, याची नोंद झाली तरच ते बोलते. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज उत्खनकाने 1890 नंतरच्या दशकात इजिप्तमधील हजारो थडग्यांतली साधी मडकी घेतली आणि त्यांच्या आकारांत होत गेलेल्या बदलांवरून त्या थडग्यांचा कालक्रम लावून दाखविला. सोन्याच्या शोधात गेलेल्यांनी लाथाडलेली खापरे त्याला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे उपयोगी पडली!

आपल्या जवळचाच दाखला द्यावयाचा तर नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचे गाव आहे. तेथे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 नंतर केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची एक भट्टी उजेडात आली. शिलावर्तुळे रचून त्यांत मृतांचे अवशेष पुरणाऱ्या लोकांची ती भट्टी, सुमारे अडीच हजार वर्षांहूनही जुनी. तिची साक्ष कोणी दिली? मातीच्या विटांनी, हवा फुंकण्याच्या नळीने आणि लोखंडाच्या कीटाने. कीट म्हणजे लोहाराने फेकून दिलेला मळ. बाजारात त्याला कवडीचीही किंमत नाही. पण या तपासात तोच मुख्य साक्षीदार ठरला.

येथवर वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "भट्टी सापडली, हे ठीक, पण यात रहस्य कोठे आहे? काकाबाबूच्या कथेत जसा प्रश्न पडतो, चुकीचा माणूस संशयात सापडतो आणि शेवटी अकस्मात उलगडा होतो, तसे काही खऱ्या संशोधनात घडते काय?" घडते, आणि याच विदर्भ-सातपुड्याच्या प्रदेशात घडलेले आहे. ती कथा वाकाटक राजांची. तिच्यासाठी 'ताम्रपट' म्हणजे काय हे आधी समजून घेतले पाहिजे. प्राचीन राजे एखाद्याला गाव किंवा जमीन दान देत, तेव्हा त्याचा लेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत. असे काही पत्रे एका कडीत ओवलेले असत आणि कडीला राजमुद्रा लावलेली असे. आतला मजकूर घासला जाऊ नये म्हणून पहिल्या व शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरीच ठेवीत. वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांतील अक्षरांचा माथा लहानशा चौकोनी पेटीसारखा असतो. एकदा पाहिला की ओळख विसरत नाही. म्हणजे हा आजच्या भाषेत जमिनीचा दस्तऐवज होय. परंतु त्यात दान देणारा राजा आपल्या वडिलांचे, आजोबांचे, आईचे नाव सांगतो, म्हणून इतिहासकाराला तो वंशावळीचा पुरावा होतो.

1868 च्या सुमारास अचलपूरजवळच्या चम्मक गावी एका नांगरलेल्या शेतात असा ताम्रपट मिळाला. तो वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा. मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद त्यात आहे. आणि दान घेणाऱ्यांनी राजद्रोह, चोरी यांसारखे अपराध केल्यास दान परत घेतले जाईल, अशी सक्त अटही आहे. याच राजाचा एक ताम्रपट छिंदवाडा जिल्ह्यातील दुडिया येथे मिळाला. त्याच्यावर कारकिर्दीचे 23 वे वर्ष आहे. आणखी एक मिळाला तो आपल्या पांढुर्ण्याला. तो 29 व्या वर्षाचा. ज्या पांढुर्ण्याच्या नावाने 2023 साली आपला जिल्हा निराळा झाला, ते नाव प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांना या ताम्रपटामुळे आधीच परिचित होते.

आता पहिले रहस्य पाहा. चम्मकच्या ताम्रपटात राजाची आई प्रभावतीगुप्ता ही 'महाराजाधिराज देवगुप्त' याची कन्या असल्याचे लिहिले आहे. हा देवगुप्त कोण? फ्लीट हे मोठे सावध आणि परिश्रमी विद्वान. 1888 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मगधातील त्याच नावाच्या एका राजाकडे बोट दाखविले. तो राजा सातव्या शतकाच्या अखेरचा. साहजिकच जावयाचे घराणेही त्याच काळात जाऊन बसले. नाव जुळत होते, पदवी जुळत होती. कोणत्याही न्यायालयाला पटावा असा पुरावा! पुढे सुमारे पाव शतकाने पुण्यातील एका तांबटाच्या घरी पिढ्यानपिढ्या जपून ठेवलेला एक ताम्रपट उजेडात आला, आणि 1912 साली का. बा. पाठक यांनी त्याची वार्ता विद्वानांपुढे ठेवली. तो खुद्द प्रभावतीगुप्तेचाच होता. मुलगा लहान असल्यामुळे राज्याचा कारभार ती पाहत होती. त्या लेखात तिने आपल्या माहेरचीच वंशावळ दिली आहे, आणि पित्याचे नाव सांगितले आहे चंद्रगुप्त. म्हणजे गुप्त घराण्यातील सुप्रसिद्ध दुसरा चंद्रगुप्त! 'देवगुप्त' हे त्याचेच दुसरे नाव. एका क्षणात वाकाटकांचे घराणे सुमारे तीनशे वर्षे मागे सरकले आणि चौथ्या-पाचव्या शतकांत, गुप्त सम्राटांच्या शेजारी, आपल्या योग्य जागी येऊन बसले.

नीट विचार करा. ज्याच्या दुकानात रोज जुने तांबे वितळते, त्याच तांबटाच्या घरी हा पट सुरक्षित राहिला. एखाद्या टंचाईच्या दिवसात त्याने तो मुशीत टाकला असता, तर त्याला थोडेसे तांबे मिळाले असते आणि आपले तीनशे वर्षांचे चुकीचे गणित आणखी किती काळ तसेच राहिले असते कोण जाणे.

दुसरे रहस्य एका पुसट नावाचे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने कोरविलेला मोठा शिलालेख आहे. पावसापाण्याने त्याची अक्षरे झिजली आहेत. त्यातील राजमालिकेत एके ठिकाणी जे नाव असावे, ते पूर्वीच्या वाचकांनी निराळेच वाचले होते. पुढे 1939 साली वाशीम येथे एक ताम्रपट मिळाला. त्यात पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र म्हणून सर्वसेन या राजाचे नाव होते. वाकाटकांची एक निराळी शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथे राज्य करीत होती, ही गोष्ट त्यामुळे प्रथमच स्पष्ट झाली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकविणारे वासुदेव विष्णु मिराशी (1893–1985) यांनी मग अजिंठ्याच्या लेखाकडे पुन्हा धाव घेतली. जेथे दुसरे नाव वाचले गेले होते, तेथे झिजलेल्या दगडातून त्यांना 'सर्वसेन' हीच अक्षरे दिसली! संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणून ज्याचा उल्लेख केला होता, तो सर्वसेनही हाच, असा उलगडा त्याबरोबरच झाला. दगड जेथल्या तेथे होता, अक्षरेही तीच होती. डोळा मात्र आता तयार झालेला होता. उत्तम रहस्यकथेत सर्व पुरावा पहिल्या प्रकरणापासून वाचकापुढे मांडलेला असतो आणि शेवटी तो एकाएकी निराळा दिसू लागतो. त्याची याहून चांगली प्रतिकृती कोणत्या कादंबरीत सापडेल?

मिराशींचा जन्म कोंकणातला, कर्मभूमी नागपूरची. माझी मातृभाषा कोंकणी असल्यामुळे त्यांच्या तपासातील एक धागा मला विशेष मौजेचा वाटतो. तो म्हणजे गावांच्या नावांचा. ताम्रपटांतील गाव आजचे कोणते हे ठरविताना त्यांनी नदी, दिशा, शेजारची गावे यांबरोबर उच्चार कसे झिजतात याचाही हिशेब ठेवला. संस्कृतातील 'कर्म' प्राकृतात 'कम्म' होते आणि मराठीत व कोंकणीत 'काम' होऊन बसते. 'चर्म' याचे 'चम्म' आणि पुढे 'चाम'. हा नियम ध्यानात घेतला की 'चर्मांक' आणि 'चम्मक' ही नावे सख्ख्या भावांसारखी दिसू लागतात. 'वत्सगुल्म' झिजत झिजत 'वच्छोम' आणि शेवटी 'वाशीम' कसे झाले, तेही याच वाटेने कळते. व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणा वाटणारा वर्णविकाराचा नियम येथे बोटांच्या ठशांसारखा उपयोगी पडतो.

तिसरे रहस्य अद्याप संपलेले नाही, म्हणून ते मला सर्वांत आवडते. दुसऱ्या प्रवरसेनाने प्रवरपूर नावाची राजधानी वसविली. ती कोठे? मिराशींनी उत्तर दिले, वर्ध्याजवळचे पवनार. हे मत पुष्कळ काळ प्रमाण मानले गेले. परंतु रामटेकजवळच्या मनसर येथे जगत्पती जोशी व अरुणकुमार शर्मा यांनी 1990 नंतरच्या दशकात सुरू केलेल्या उत्खननांत वाकाटक काळातील भव्य बांधकामे, सुंदर शिल्पे आणि प्रवरेश्वराच्या नावाची मुद्रा मिळाली. तेव्हापासून प्रवरपूर म्हणजे मनसर असे मत अनेक विद्वान मांडू लागले. रहस्यकथेत शेवटी गुन्हेगार कबुली देतो आणि पुस्तक मिटते. इतिहासात कबुली देणारा मनुष्य केव्हाच मातीत मिळालेला असतो. म्हणून येथे निकाल दिला तरी कागद बांधून ठेवता येत नाहीत. नवा साक्षीदार आला की खटला पुन्हा उभा राहतो. याने मिराशींची थोरवी उणी होत नाही. त्यांनी आपला सर्व पुरावा मूळ पाठासह छापून ठेवला, वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ 1963 साली निघाला, आणि म्हणूनच पुढच्यांना त्यांच्याशी मतभेद करणे शक्य झाले. आपल्या विरुद्ध जाऊ शकेल असा पुरावाही दडवून न ठेवणे, हीच संशोधकाची सचोटी.

आता या साऱ्यातून आपण काय घ्यावयाचे? चम्मकचा साक्षीदार नांगरलेल्या शेतात मिळाला, पुण्याचा तांबटाच्या घरात. विद्वान नंतर आले. आधी कोणा सामान्य माणसाचा हात त्या वस्तूला लागला. उद्या तो हात तुमचाही असू शकेल. संत्र्याच्या बागेसाठी खड्डे खणले जातात, विहिरी उतरतात, घरांचे पाये घातले जातात. शेताला खत म्हणून जुन्या टेकाडाची पांढरी गाड्या भरभरून नेली जाते. त्या मातीबरोबर किती साक्षीदार मुकाट्याने निघून जात असतील! म्हणून काही गोष्टी मनाशी पक्क्या धरा. जमिनीत जुने नाणे, कोरलेला पत्रा, मूर्ती किंवा विचित्र मडके दिसले, तर ते ओढून काढू नका. काढावेच लागले, तर कोठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी होते ते त्याच दिवशी वहीत लिहा आणि जागेची आकृती काढा. नाणे चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करण्याचा मोह टाळा. गंजाबरोबर अक्षरेही निघून जातात. ताम्रपटाची कडी तोडू नका, पत्रे वाटून घेऊ नका. आणि गावच्या पाटलांना, शिक्षकांना व त्यांच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविलेच पाहिजे, असे 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो. आणि प्राचीन वस्तूंचा चोरटा व्यापार रोखण्यासाठी 1972 चा स्वतंत्र कायदा आहे. गुपचूप विकलेल्या वस्तूला किंमत मिळते, पण तिचे गाव हरवते. गाव हरवलेली वस्तू म्हणजे सुरी पुसून कपाटात ठेवणेच होय.

रहस्यकथा वाचतानाही हीच शिस्त लावून पाहा. तिची गोडी दुणावेल. पुस्तक अर्धे झाले की थांबा आणि एका कागदावर दोन रकाने करा. एकात प्रत्यक्ष दिसलेल्या गोष्टी लिहा, दुसऱ्यात कोणीतरी सांगितलेल्या. मग स्वतःचा तर्क लिहा आणि तो चुकीचा ठरावयास काय सापडले पाहिजे, तेही लिहा. शेवट वाचून झाल्यावर कागदाकडे पुन्हा वळा. तर्क बरोबर आला तर आनंद आहेच; चुकला तर कोणत्या ठिकाणी पाऊल घसरले ते कळेल, आणि हा लाभ अधिक मोठा आहे. नागपूरला जाण्याचा योग आला तर मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे 1863 साली स्थापन झालेल्या 'अजब बंगल्या'त, अवश्य जा. तेथील काचेआडच्या वस्तूंपुढे घाईघाईने सरकू नका. एकाच वस्तूपुढे पाच मिनिटे उभे राहा आणि विचारा: ही कोठे मिळाली, कोणी आधी पाहिली, हिच्या शेजारी काय होते?

काकाबाबू काय किंवा अमेलियाबाई काय, लेखकाच्या कल्पनेतून जन्मलेली माणसे. लेखक गेले आणि त्यांच्या नव्या कथा थांबल्या. मातीतल्या कथामालेचे मात्र तसे नाही. तिचे पुढचे प्रकरण कोणत्या बांधावर, कोणत्या विहिरीच्या खोदकामात उघडेल हे सांगता यावयाचे नाही. ते उघडेल त्या दिवशी तेथे कोणी तरी असा असावा, की ज्याला हात आवरून डोळे उघडे ठेवण्याची सवय लागलेली आहे. तो तुमच्यापैकी असावा, एवढीच इच्छा.